फळाच्या बोलीवर दिलेले पुस्तक

मुलांनी वाचावे, याबद्दल आज मतभेद नाही. शाळांच्या भिंतींवर 'वाचाल तर वाचाल' हे घोषवाक्य रंगवलेले असते. 2015 सालापासून महाराष्ट्रातील शाळा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करतात. 2017 साली पाचगणीजवळचे भिलार पुस्तकांचे गाव झाले. या सगळ्यामागची तळमळ खरी आहे. तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण मुलाच्या हातात पुस्तक ठेवताना आपण त्याला वाचायचे कारण कोणते सांगतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. भाषा सुधारेल, निबंधाला चांगले गुण पडतील, पुढे स्पर्धा परीक्षेत उपयोग होईल. आणि घर जरा जुन्या वळणाचे असेल तर, चांगले संस्कार होतील. पुस्तकाची आणि मुलाची पहिली भेट होते ती अशी फळाच्या बोलीवर. हा प्रश्न बालमानसशास्त्राचा किंवा अध्यापनपद्धतीचा मानला जातो. मला तो मुळात धर्मविचारातला वाटतो. फळावर नजर ठेवून दिलेल्या गोष्टीचे काय होते, याचा सर्वांत खोल विचार आपल्याकडे धर्मग्रंथांनी केला आहे, आणि त्यातला एक फार जुना ग्रंथ तर एका मुलापासूनच सुरू होतो.

कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवस फळाच्या इच्छेने यज्ञ करतो आणि सर्वस्व दान देतो. दानात निघालेल्या गायी मात्र शेवटचे पाणी पिऊन, शेवटचे गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या असतात. मोठ्यांपैकी कोणाला यात काही खटकत नाही. खटकते ते नचिकेत्याला, त्याच्या मुलाला. मला कोणाला देणार, असे तो बापाला पुन्हा पुन्हा विचारतो, आणि बाप चिडून त्याला मृत्यूला देऊन टाकतो. पुढची कथा परिचयाची आहे: यमाच्या दारातल्या तीन उपाशी रात्री, तीन वर, आणि मेल्यानंतर माणसाचे काय होते हा तिसरा प्रश्न. या प्रश्नाला यम लगेच उत्तर देत नाही. तो मुलासमोर एक यादी ठेवतो: शंभर वर्षे जगणारे पुत्र-पौत्र, गुरेढोरे, हत्ती-घोडे, सोने, विस्तीर्ण भूमी, हवे तितके आयुष्य. नचिकेता ती यादी जशीच्या तशी परत करतो. श्रेय आणि प्रेय यांच्यातला प्रसिद्ध भेद यम सांगतो तो त्यानंतर. आता वाचनाच्या बाजूने आपण मुलांना जे सांगतो ते या भेदापुढे ठेवून पाहावे. गुण, नोकरी, लोकांत छाप पाडणारे व्यक्तिमत्त्व, स्पर्धेत पुढे जाणे: ही सगळी यमाच्याच यादीची आजची आवृत्ती आहे. श्रेयाचे नाव घेऊन आपण मुलापुढे प्रेय मांडत असतो.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल. गोष्टीच्या पुस्तकातली मजा हेच तर प्रेय. अभ्यास आणि संस्कार हे श्रेय. तुम्ही दोन्ही शब्द उलटे लावता. प्रेय म्हणजे क्षणाची गोडी एवढाच अर्थ घेतला तर हा आक्षेप रास्त ठरेल. पण यमाच्या यादीत क्षणिक असे फार थोडे आहे. वंश, जमीन आणि दीर्घायुष्य या दूरदृष्टीने जोडायच्या वस्तू आहेत. कोणताही हिशेबी पालक त्यांना शहाणपणाची गुंतवणूक म्हणेल. त्यांना प्रेय ठरवणारी गोष्ट अशी की त्या सर्व 'माझ्या' होतात, त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक रस्ता स्वतःपाशीच परत येतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचणारे मूल फुरसुंगीच्या त्या किडकिडीत मुलामागे धावत असते, तेव्हा नेमके हेच थांबलेले असते. त्या तासाभरात त्याला काही मिळवायचे नसते. आपण हुशार दिसतो की नाही, हेही त्याच्या मनात नसते. दुसऱ्या कोणाचे तरी काय होणार, या काळजीने ते पूर्ण भरलेले असते. याला आत्मज्ञान म्हणावे असे मला सुचवायचे नाही. पण स्वतःला बाजूला ठेवून एखाद्या गोष्टीपाशी संपूर्ण हजर राहणे, ही कोणत्याही श्रवणाची पूर्वअट आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे एवढीच एक गोष्ट मागतात: अवधान. सिमोन वेल या फ्रेंच तत्त्वचिंतक स्त्रीने 1942 साली शालेय अभ्यासाविषयी लिहिताना याच्या अगदी जवळचा विचार मांडला. अवधान हाच प्रार्थनेचा गाभा, आणि भूमितीचे साधे उदाहरणही गुणांची इच्छा न धरता सोडवले तर ते मुलाला त्या अवधानाकडे नेते, असे तिचे म्हणणे. भूमितीबद्दल हे खरे असेल, तर गोष्टीबद्दल ते कितीतरी सहज खरे आहे.

ज्ञानदेवांचा आधार घेतला की दुसरा, अधिक कठीण आक्षेप समोर येतो. अवधान द्या म्हणतानाच ते सर्व सुखाची ग्वाहीही देतात. आपल्या परंपरेतली बहुतेक प्रत्येक पोथी फलश्रुतीने संपते, श्रावणातली प्रत्येक कहाणी कोणाला काय मिळाले ते सांगते. मग मुलांना फळ दाखवले तर बिघडले कुठे? याचे उत्तर भागवताच्या अकराव्या स्कंधातच आहे, ज्यावर संत एकनाथांनी 1573 साली आपली मराठी टीका पूर्ण केली. फलश्रुती हे खरे श्रेय नाही, ती रुची निर्माण करण्यासाठी आहे, औषध घ्यायला लावण्यासाठी दाखवलेल्या गोडाप्रमाणे, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. ही तुलना नीट पाहिली पाहिजे. गोड दाखवावे लागते ते औषध कडू असते म्हणून. गोष्ट मुळात कडू नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला गोष्ट ऐक म्हणून आमिष दाखवावे लागत नाही. तेच 'अजून एक' म्हणून मागे लागते. जे आधीच गोड आहे त्यावर आमिष ठेवले की मुलाला एकच गोष्ट कळते: ज्यासाठी मला लालूच दाखवतात ते कडूच असणार. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीत केलेला प्रयोग याच बाजूने बोलतो. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांतल्या काहींना चित्र काढलेस तर फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितले. काहींना न सांगता नंतर तेच प्रमाणपत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी तीच पेने पुन्हा समोर ठेवली, तेव्हा आधी बोली झालेल्या मुलांनी चित्र काढण्यात इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवला. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे घातक ठरली ती बोली. देण्यात काही दोष नव्हता. या प्रयोगाची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. मुळात नावडत्या कामाला बक्षिसाने हातभार लागतो, असे दाखवणारे पुष्कळ संशोधन आहे, आणि अक्षरओळख, जोडाक्षरे, अडखळत वाक्य पुरे करणे ही मुलासाठी खरोखर कष्टाची कामे आहेत. तिथे शाबासकी द्यावी, हवे तर खाऊही द्यावा. पण वाचता येणे आणि वाचावेसे वाटणे यांना एकाच उपायाने गाठता येईल असे समजणे, हा या क्षेत्रातला सर्वांत महागात पडलेला गैरसमज आहे.

राहिला संस्कारांचा मुद्दा. आणि तो गुणांच्या मुद्द्यासारखा सहज बाजूला सारता येत नाही, कारण तो मांडणाऱ्यांना मुलाचे खरोखर भले हवे असते. मराठीतले छापील बालसाहित्य जन्मले तेच बोधाच्या पोटी. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापाच्या नीतिकथा मराठीत आणल्या त्या 1828 साली, आणि तेव्हापासून गोष्टीच्या शेवटी तात्पर्य हवेच, ही सवय आपल्या पाठ्यपुस्तकांच्या हाडीमाशी खिळली. पण मराठी मुलांच्या कानावर त्याच्या कितीतरी आधीपासून जी गोष्ट आहे तिच्याकडे पाहा. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. या कहाणीचा धागा लीळाचरित्रापर्यंत, म्हणजे तेराव्या शतकापर्यंत, मागे जातो. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, भिजलेला काऊ चिऊचे दार ठोठावतो, आणि चिऊ म्हणते थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, तीट लावते. या गोष्टीचे तात्पर्य काय? पक्के घर बांधावे? दार सहज उघडू नये? पावसात कोणी दाराशी आले तर त्याला ताटकळत ठेवावे? कोणतेही तात्पर्य काढले तरी ते गोष्टीपुढे तोकडे पडते, आणि काही तर सरळ अनीतीची ठरतात. तरीही चिऊने दार लगेच का नाही उघडले, हा प्रश्न मुलाला पडतो, आणि तो शुद्ध नैतिक प्रश्न आहे. तो मुलाचा स्वतःचा आहे, कोणी त्याच्या हाती दिलेला नाही. तात्पर्य छापले की नेमका हा प्रश्न बुजतो, कारण उत्तर आधीच हजर असते. पंचतंत्राचेही तसेच. विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत राजपुत्रांना नीतिशास्त्रात निपुण करण्याची प्रतिज्ञा केली, म्हणजे ग्रंथाची चौकटच फळाच्या कराराची आहे. पण तो करार राजाशी होता, आणि गोष्टींनी तो केव्हाच ओलांडला. मुंगसाच्या गोष्टीतले ऐकणाऱ्याच्या मनात काय राहते? त्याच्या तोंडाला लागलेले सापाचे रक्त, आणि ते पाहून बाळाच्या आईने केलेला अनर्थ. अविचाराने काही करू नये हे वाक्य विसरले तरी ते रक्त विसरत नाही.

मग 'श्यामची आई'चे काय, असे कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि 1935 साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक उघड उघड संस्कारांचे आहे, आणि मराठी घरांनी त्यावर जितके प्रेम केले तितके फार थोड्या पुस्तकांवर केले. माझ्या मते हे पुस्तक टिकले ते त्यातल्या उपदेशाच्या बळावर नाही. अनेक उपदेशपर पुस्तके त्याच काळात आली आणि गेली. ते टिकले कारण त्यातला श्याम चुकणारा, हट्ट करणारा, भिणारा मुलगा आहे, आणि आईच्या रागातही तिची माया लपत नाही. वाचून मोठे व्हायचे, त्यासाठी पुस्तक हवे आणि पुस्तकासाठी पैसे हवेत, म्हणून श्याम चोरी करतो, असाही एक प्रसंग त्यात आहे. मोठे होण्याच्या हव्यासाने वाचू पाहणारा मुलगा कुठवर जातो, हे गुरुजींना चांगले माहीत होते. हे पुस्तक मुलाला संस्कार व्हावेत म्हणून वाचायला लावणारा पालक त्या प्रसंगावरून घाईने पुढे जात असेल, तर ते वाईट आहे.

आतापर्यंतचे सर्व आक्षेप मुलाच्या स्वभावाविषयीचे किंवा ग्रंथांविषयीचे होते. खरा भारी आक्षेप समाजाविषयीचा आहे. फळाची इच्छा न धरता वाचा, हे पोट भरलेल्या घरात म्हणायला सोपे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरच नाकारले गेले, त्यांच्यासाठी वाचन हा सुटकेचा मार्ग होता आणि आहे. त्यांच्या मुलाला नोकरीचा विचार करू नकोस असे सांगणे हा अन्याय होईल. हे मला पूर्ण मान्य आहे. पण याच घरांतल्या मुलांनी वाचून काय केले, ते पाहिले की प्रश्न वेगळा दिसू लागतो. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आम्ही धर्मग्रंथ नसलेली माणसे ठरतो, मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती त्यात थेट देवाला विचारते. कोणत्याही अभ्यासक्रमात हे फळ नोंदलेले नव्हते, आणि कोणत्याही परीक्षेने ते मागितले नव्हते.

याहून बोलके उदाहरण डॉ. आंबेडकरांचे आहे, आणि ते त्यांनी स्वतः 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात नोंदवले आहे. त्यांचे वडील धार्मिक होते आणि मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन आग्रहाने करून घेत. शाळकरी भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा वस्तीने त्याचे कौतुक केले, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा केळुसकरांच्या नजरेत भरला होता, असे चरित्रकार सांगतात. ते पुस्तक वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले, की ज्या ग्रंथांत शूद्रांना आणि अस्पृश्यांना कमी लेखले आहे ते आम्हाला का वाचायला लावता? वडिलांनी पुढे उत्तर दिले: आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येऊ नये म्हणून, द्रोण आणि कर्ण कुठून कुठे पोहोचले ते पाहा. हे उत्तर पित्याच्या मायेचे होते, आणि मुलाला ते पटले नाही. इथे दोन देणी शेजारी शेजारी ठेवता येतात. वडिलांच्या आग्रहामागे ठरलेले फळ होते, आणि ते फळ चांगलेही होते. तरी मुलाने ते घेतले नाही. केळुसकरांनी पुस्तक दिले तेव्हा कोणती अट घातल्याची नोंद नाही. ते पुस्तक मुलांसाठी लिहिलेलेही नव्हते. वयाच्या मापाने पुस्तके वाटणाऱ्यांनी याचाही विचार करावा. केळुसकर 1934 साली वारले. हिंदू म्हणून मरणार नाही ही येवल्याची घोषणा झाली ती 1935 साली, आणि नागपूरचे धर्मांतर 1956 साली. शाळकरी मुलाला दिलेल्या एका पुस्तकाचे काय झाले, हे देणाऱ्याला पाहायला मिळाले नाही. या एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे खरे. भेट मिळालेली हजारो पुस्तके कपाटात पडून राहतात. पण फळ आधी ठरवणारा माणूस जास्तीत जास्त आपल्या कल्पनेत मावेल एवढेच फळ मागू शकतो, एवढे तरी यातून नक्की दिसते.

म्हणून फलत्यागाचा प्रश्न मुलाला विचारायचाच नाही. गरीब घरातल्या मुलीने वाचून तलाठी व्हायचे स्वप्न पाहिले तर ते तिचे आहे आणि मोलाचे आहे. फळ सोडायचे आहे ते देणाऱ्याने. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशाला, द्यायला हवे म्हणून दिलेले ते सात्त्विक; परतफेडीसाठी किंवा फळावर नजर ठेवून, मनात कुरकुरत दिलेले ते राजस. मुलाला पुस्तक देऊन आठवड्याने सारांश लिहून मागणे, किती पाने झाली याची वही ठेवणे, वाचन दिनाचे छायाचित्र अहवालाला जोडल्यावर पुस्तके पुन्हा कुलपात टाकणे, हे सगळे राजस दान आहे. वाजश्रवसाच्या गायींची आठवण होते ती आणखी एका कारणाने: खेड्यातल्या शाळेला पुस्तके द्यायची म्हणून घरातली फाटकी मार्गदर्शके आणि कालबाह्य माहितीपुस्तके बांधून पाठवली जातात, आणि त्याला पुस्तकदान म्हटले जाते.

फळ सोडणे म्हणजे निष्काळजी होणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. गिजुभाई बधेका यांनी 'दिवास्वप्न'मध्ये रंगवलेला शिक्षक दंगेखोर वर्गाला आधी नुसत्या गोष्टी सांगतो, पाठ्यपुस्तकांसाठीच्या पैशांतून वर्गाचे छोटे ग्रंथालय उभारतो, आणि मुले हवे ते पुस्तक घेऊन बसतात. वरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. मुळात त्यामागे कोणती गोष्ट केव्हा सांगायची याचा कसून विचार आहे. चांगले निवडणे ही देणाऱ्याची जबाबदारी राहतेच, किंबहुना वाढते, कारण आता पुस्तकाला उपयुक्ततेची कुबडी उरत नाही. त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. विंदा करंदीकरांनी 'एटू लोकांचा देश' 1963 साली लिहिला आणि पुढे ज्ञानदेवांचा अमृतानुभव आधुनिक मराठीत आणला, 'अष्टदर्शने'ही लिहिली. तत्त्वज्ञानाशी जन्मभर झगडणाऱ्या कवीला मुलांसाठी निखळ गंमत लिहावीशी वाटली आणि तीत कुठेही बोध घुसवावासा वाटला नाही, याला मी योगायोग मानत नाही. माधुरी पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांतही घर, शेजार, रुसवे, पाहुणे यांच्याकडे इतके नीट पाहिलेले असते की मुलाला शिकवण्याची गरजच पडत नाही. अशी पुस्तके घरात, वर्गात, हाताला लागतील अशी असावीत. मोठ्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवावीत. अर्धे वाचून मिटलेले पुस्तक परत घ्यावे आणि कारण विचारू नये.

शेवटची अडचण उरते ती त्या मुलाची, ज्याने एवढे करूनही पुस्तक हातात घेतले नाही. त्याला गाणे आवडते, मातीत खेळणे आवडते, गुरांमागे हिंडणे आवडते, आणि पुस्तक आवडत नाही. फळाच्या बोलीवर देणाऱ्याला हे मूल अपयश वाटते, आणि मग तो बोली वाढवतो किंवा धाक दाखवतो. ज्याने खरोखर फळ सोडले आहे त्याला हे मूल जसे आहे तसे दिसू शकते. निष्फळ ठरू शकते ही शक्यता पत्करूनच हे देणे द्यावे लागते, आणि पुढच्या वर्षी नवे पुस्तक आले की ते याही मुलाच्या हाताशी, इतरांइतक्याच जवळ ठेवावे लागते.